शेळीचे ब्लॉक, सांगलीची लॅब आणि कोरी स्लाइड

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पीएचडीसाठी मला शेळीच्या अवयवांच्या आयएचसी स्लाइड करून हव्या होत्या, म्हणजे अँटिबॉडी लावून एखादं प्रथिन नेमकं कुठल्या पेशीत आहे ते रंगाने दाखवणाऱ्या स्लाइड. रोगनिदानाच्या लॅबमध्ये माणसांच्या गाठींचं काम चालतं. शेळीचं अंडाशय म्हटलं की पलीकडचा आवाज 'जनावरांच्या दवाखान्यात विचारा' म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. चौथ्या फोनला सांगलीच्या गावभागातली ही लॅब 'या की घेऊन, बघू' म्हणाली. त्याला आता दोन वर्षं झाली. या काळात तीन खेपा दिल्या, पंचेचाळीस स्लाइड करून घेतल्या.

लॅबचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला त्यांच्याकडून एक चूक झाली आणि ती मला नीट सांगायची आहे. ती त्यांनी ज्या तऱ्हेने निस्तरली, ते बघता नावाला धक्का लागावा असं मला मुळीच वाटत नाही. गावभागात हे काम करणाऱ्या लॅब फार नाहीत, चौकशी केली की सापडेल.

माझा विषय म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. तो मी का घेतला, तेही थोडक्यात सांगते. मधुमेहामुळे बाबांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सुरू झालं. औषधाच्या कागदावर व्हीईजीएफ हे नाव वाचलं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढायला सांगणारं आणि वाहिनी पाझरती करणारं हे प्रथिन. इंजेक्शनातलं औषध त्यालाच धरून ठेवतं. मी शिकवताना याचं नाव कायम कर्करोगाच्या धड्यात घेत आले होते. पण १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि विल्यम हेन्झेल यांनी ते वेगळं काढलं, ते गाठीतून काढलेलं नव्हतं. गाईबैलांच्या मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतल्या पेशी भांड्यात वाढवून, त्या पेशींनी पोषकद्रवात सोडलेल्या मालातून काढलं होतं. त्याआधी १९८३ मध्ये गिनीपिगच्या गाठींमुळे पोटात साठलेल्या पाण्यात वाहिन्या पाझरवणारं एक प्रथिन सापडलं होतं. पुढे दोन्ही एकच निघाले. धडधाकट जनावराच्या डोक्यातल्या, संप्रेरकं बनवणाऱ्या ग्रंथीत हे प्रथिन काय करत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

माल गोळा करणं सोपं आहे, वेळ मात्र पाळावी लागते. सदर बझारातल्या मटणाच्या दुकानात मी पहाटे साडेपाचला जाऊन थांबते. दुकानातल्या दादांना पहिल्या दिवशी अंडाशय आणि मूत्रपिंडाजवळची छोटी ग्रंथी दाखवायला सांगितली, तर म्हणाले, "ताई, हे आमी टाकूनच देतो, न्या की." मूत्रपिंडाच्या चरबीत दडलेली अधिवृक्क ग्रंथी आता ते माझ्यापेक्षा लवकर काढतात. तुकडा चार-पाच मिलिमीटरपेक्षा जाड ठेवायचा नाही, दहा मिनिटांच्या आत फॉर्मलिनमध्ये घालायचा आणि एक दिवस ठेवायचा. जाड ठेवला की मधला भाग कच्चा राहतो आणि पुढे कितीही भारी अँटिबॉडी लावली तरी उपयोग होत नाही.

मग बरण्या डब्यात भरून साताऱ्याहून सांगलीची एसटी धरायची. कराड, आष्टा करत तीन-साडेतीन तास जातात. फॉर्मलिनच्या बरणीला झाकणाभोवती चिकटपट्टी आणि बाहेरून दोन पिशव्या, नाहीतर पुढच्या सीटवरच्या माणसाच्याही डोळ्यांना पाणी येतं.

लॅब म्हणजे जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. जिना अरुंद आहे. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचे जुने ब्लॉक (मेणात बसवलेले अवयवांचे तुकडे) पाण्यात गेले, तेव्हापासून कपाटं, ब्लॉकच्या पातळ पट्ट्या कापणारा मायक्रोटोम, फ्रिज सगळं वर आहे. मुख्य काम बघतात त्या काकू. मिरजेत एका दवाखान्यात तीस वर्षं टिश्यू कटिंग करून निवृत्त झाल्या. हाताखाली दोन मुलं आहेत. मालक पॅथॉलॉजिस्ट, ते संध्याकाळी येतात. काकूंना मी काकू म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. कितीदा सांगूनही ते काही सुटलं नाही.

पहिल्या खेपेला सात अवयव दिले: अंडाशय, अधिवृक्क, अवटू (थायरॉइड), स्वादुपिंड, प्लीहा, खांद्याजवळची लसिका गाठ (लिम्फ नोड) आणि कानाचा तुकडा. कान मुद्दाम घेतला. पिवळा बिल्ला टोचलेली जखम भरत आलेली होती, आणि भरत्या जखमेत नव्या केशवाहिन्या उगवताना दिसतात.

तीन आठवड्यांनी स्लाइड घ्यायला गेले तेव्हा काकू जेवायला गेल्या होत्या. मुलाने ट्रे पुढे ठेवला, मी त्यांच्याच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बसले. लसिका गाठ लावली आणि हात थरथरायला लागला. गाठीच्या मधल्या भागात पेशींच्या रांगाच्या रांगा गडद तपकिरी. प्लीहेत तसंच. प्रतिकारशक्तीच्या पेशी या प्रथिनाने अशा भरलेल्या मी कुठल्याच शोधनिबंधात बघितल्या नव्हत्या. वहीत मी 'भरपूर, तीन अधिक' (+++) असं लिहूनसुद्धा टाकलं.

काकू आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि विचारलं, "कोरी बघितली का?"

कोरी म्हणजे त्याच ब्लॉकची शेजारची पट्टी. तिच्यावर सगळं तसंच करायचं, तेच पाणी, तीच उष्णता, तेच रंग, फक्त पहिली अँटिबॉडी लावायची नाही. तिथे तपकिरी काहीही दिसता कामा नये. काकूंनी ती लावली. लसिका गाठीत त्याच रांगा, तितक्याच गडद.

त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या, मुलाला फ्रिजमधली कुपी आणायला सांगितली आणि लेबल वाचलं. पहिली अँटिबॉडी शेळीत तयार केलेली होती. माणसांच्या नमुन्यांवर ती वर्षभर उत्तम चालली होती. तिच्यावर लावायची, रंग आणणारी दुसरी अँटिबॉडी ही 'शेळीची अँटिबॉडी दिसली की पकड' अशा जातीची. माणसाच्या तुकड्यात शेळीच्या अँटिबॉडी नसतात, त्यामुळे ती बरोबर जागी बसते. माझा तुकडाच शेळीचा होता. त्या जनावराच्या रक्तातल्या, ऊतीतल्या स्वतःच्या सगळ्या अँटिबॉडी तिने पकडल्या, आणि लसिका गाठीतल्या ज्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात, त्या सर्वांत गडद झाल्या. मी ज्याला व्हीईजीएफ समजून आनंदले होते, त्याचा व्हीईजीएफशी संबंध नव्हता.

फॉर्मवर मी 'शेळी' असं स्पष्ट लिहिलं होतं. मुलाने ते वाचलं नव्हतं, आणि काकूंनीही कुपी तपासली नव्हती. त्यांनी ते तिथल्या तिथे मान्य केलं. "मॅडम, ही आमची चूक हाय. ह्या स्लाइडचे पैसे घेणार नाही. सशात केलेली मागवतो, पाच आठवडे लागतील." मालकांनी संध्याकाळी फोन करून तेच सांगितलं. आणि खरोखर पाच आठवड्यांनी, त्याच ब्लॉकवर, पुन्हा सगळ्या स्लाइड झाल्या. एक रुपया जादा लागला नाही.

मला हे लिहिताना एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. कोरी स्लाइड मी मागितली नव्हती. आपणहून, प्रत्येक अवयवाची, पैसे न लावता ती लॅब करते. दुसरीकडे चौकशी केली तेव्हा 'कंट्रोल हवा असेल तर तेवढेच पैसे पुन्हा' असं उत्तर आलं होतं. मी ते पैसे वाचवले असते, खरं सांगते, आणि ती तपकिरी गाठ प्रबंधात छापून गेली असती.

दुसऱ्या वेळच्या स्लाइड मी अजून दर आठवड्याला काढून बघते. सगळ्यात सुंदर अंडाशय. शेळीचं चक्र साधारण २१ दिवसांचं. अंडं सुटलं की रिकाम्या पुटिकेत, म्हणजे अंडं वाढवणाऱ्या पिशवीत, थोड्याच दिवसांत पीतपिंड उभा राहतो, प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतो, आणि गर्भ राहिला नाही तर विरून जातो. (शेळीत तो पिवळा नसतो, गुलाबी मांसल दिसतो. पहिल्यांदा कापला तेव्हा मी तो ओळखलाच नव्हता.) एवढ्या दिवसांत शून्यापासून रक्तवाहिन्यांचं जाळं विणायचं, तेही जखम नसताना. जाणत्या वयाच्या शरीरात असं फार थोड्या जागी घडतं. स्लाइडवर पीतपिंडाच्या मोठ्या पेशींच्या अंगात बारीक कणीदार तपकिरी रंग, केंद्रक निळे आणि जवळपास प्रत्येक पेशीला खेटून एक तरी केशवाहिनी. शेजारच्या लहान पुटिकांत रंग जवळजवळ नाही. फेरारा यांच्याच गटाने १९९८ मध्ये उंदरांत हे प्रथिन अडवून बघितलं होतं, तेव्हा पीतपिंडातल्या वाहिन्या उगवल्याच नाहीत. त्या निष्कर्षाचा अर्थ मला ही स्लाइड बघून कळला.

अधिवृक्क ग्रंथीत बाहेरच्या कवचाच्या पेशी तपकिरी, आतला गाभा फिका. स्वादुपिंडात तर मुलांना दाखवण्यासारखं चित्र आहे: पाचकरस बनवणारा सगळा भाग निळसर आणि मध्येच इन्सुलिन बनवणारी बेटं तपकिरी, शेतात उसाच्या मध्ये हळदीचे वाफे असावेत तशी. अवटूत रंग हलका, पण पुटिकांच्या भिंतीत सलग.

संप्रेरक बनवणाऱ्या या सगळ्या भागांना नळी नाही. बनवलेलं संप्रेरक थेट रक्तात पोचवायचं, म्हणून केशवाहिनी पेशीच्या दाराशी हवी, आणि तिच्या भिंतीला बारीक खिडक्या हव्यात. व्हीईजीएफ त्या खिडक्या उघड्या राखतं. ते अडवणारी औषधं कर्करोगात दिली जातात. त्यांतलं सुनिटिनिब घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांचं थायरॉइड मंदावतं, ते ऐकून होते. अवटूच्या पुटिकांभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं डोळ्यांनी बघितल्यावर त्याचं नवल वाटेनासं झालं. २००१ मध्ये तर प्रामुख्याने स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींत आढळणारा, व्हीईजीएफशी नातं नसूनही त्याच्यासारखंच काम करणारा आणखी एक घटक सापडला. ग्रंथींनी वाहिन्यांसाठी स्वतःची वेगळी सोय करून ठेवावी, हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रतिकारशक्तीच्या पेशींचं चित्र पहिल्या खेपेच्या अगदी उलट निघालं. लसिका गाठीत रांगा गायब. इथे एक, तिथे दोन अशा विखुरलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी, तेवढ्या तपकिरी. थोडी निराश झाले, मग नीट विचार केला तेव्हा ते पटलं. मॅक्रोफेज हे प्रथिन हवं तिथे बनवतात, जिथे ऑक्सिजन कमी पडला आहे, जिथे दुरुस्ती चालू आहे. निवांत गाठीत त्यांना काय घाई?

प्लीहेने मात्र पुन्हा फसवलं असतं. तिथल्या मॅक्रोफेज भरपूर तपकिरी दिसत होत्या आणि कोरी स्लाइड लावली तर तिच्यावरही काही पेशी तपकिरीच. या वेळी अँटिबॉडीचा दोष नव्हता. प्लीहेतल्या मॅक्रोफेज म्हाताऱ्या लाल पेशी खातात आणि त्यातलं लोह साठवतात. ते लोह रंग न लावताच तपकिरी असतं. काकूंनी तिसरी पट्टी कापून प्रशियन ब्लू केलं. लोह निळं झालं. निळ्या होणाऱ्या पेशी वजा केल्यावर खरोखर व्हीईजीएफ असलेल्या थोड्याच उरल्या. हा रंग मी सांगितला नव्हता, त्याचे ऐंशी रुपये लागले, आणि मी ते आनंदाने दिले.

कानाची गोष्ट आणखी एक पायरी पुढची. आमच्याकडे कटाईला येणाऱ्या बऱ्याच शेळ्या उस्मानाबादी, काळ्या कुळकुळीत. काळ्या कातडीतलं मेलॅनिनही तपकिरी दिसतं, आणि ते गिळलेल्या मॅक्रोफेज तर हुबेहूब. काकू म्हणाल्या, "एक तर पांढऱ्या कानाची बघा, न्हाईतर रंगच बदलू." पांढऱ्या कानाची, बिल्ल्याची जखम ताजी असलेली शेळी मिळायला मला दोन महिने लागले असते. म्हणून त्यांनी तपकिरी रंग देणाऱ्या नेहमीच्या डीएबीऐवजी एईसी वापरलं, त्याने लाल रंग येतो. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून काच चिकटवायचं नेहमीचं डीपीएक्स चालत नाही, पाण्यात मिसळणाऱ्या डिंकाने काच बसवावी लागते आणि स्लाइड फार वर्षं टिकत नाही. पण त्या स्लाइडवर मला हवं होतं ते दिसलं. जखमेच्या कडेला नव्या केशवाहिन्यांचे कोंब, त्यांच्या आजूबाजूला लाल मॅक्रोफेज, आणि जरा लांब वाहिनीच्या कडेने बसलेल्या काही गोल पेशी, त्याही लाल. शेजारच्या पट्टीवर टोल्युडिन ब्लू लावलं तर त्याच जागच्या पेशी जांभळ्या झाल्या: मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामाइन सोडणाऱ्या.

एक सावधगिरी मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, इथेही सांगते. रंग दिसला म्हणजे प्रथिन तिथे आहे एवढंच सिद्ध होतं. ते तिथेच बनलं असं नाही. वाहिनीच्या अस्तरावर जो हलका रंग येतो तो बहुतेक दुसरीकडून येऊन पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटलेल्या प्रथिनाचा असतो. प्लेटलेटमध्येही ते साठवलेलं असतं, गोठताना बाहेर पडतं. म्हणूनच रक्त गोठल्यावर उरणाऱ्या सीरममध्ये व्हीईजीएफ मोजलं तर न गोठलेल्या रक्ताच्या प्लाझ्मापेक्षा जास्त भरतं. बनलं कुठे हे ठरवायला आरएनए बघावं लागतं. ती सोय या लॅबमध्ये नाही आणि त्यांनी ती आहे असं कधी भासवलंही नाही.

आता तक्रारी. वेळ पाळत नाहीत. तीन आठवडे म्हणाले की साडेचार धरा, मार्चमध्ये सहा. फोन दुपारी दोन ते चार कोणी उचलत नाही. अधिवृक्कच्या कडेची चरबी प्रेशर कुकरमधल्या उष्णतेत सुटते आणि तिच्याबरोबर कवचाची कडही उचलली जाते. माझ्या चारांपैकी दोन स्लाइड अशा गेल्या. त्यांनी पुन्हा केल्या, पण पुढच्या वेळी चरबी आधीच साफ करून द्या. फोटो काढून देतात ते छापण्याजोगे नसतात, मी कॉलेजच्या कॅमेऱ्यावर पुन्हा काढले. एकदा कुरिअरने मागवल्या तर तीन फुटून आल्या. पॅकिंग म्हणजे नुसता कागद होता. तेव्हापासून स्वतः जाते. आणि बिल हाताने लिहिलेलं देतात. कॉलेजच्या ऑफिसने ते परत पाठवलं, पक्क्या बिलासाठी मला मालकांच्या तीनदा मागे लागावं लागलं. संशोधनाचं अनुदान वापरणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.

दर मला लागले ते असे: ब्लॉक १५० रुपये, साधी एच अँड ई (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाची) स्लाइड १००, आयएचसी ७५०, कोरी फुकट. अँटिबॉडी नवी मागवायची असली तर कमीत कमी वीस स्लाइडचं काम हवं म्हणतात. माझ्याकडे तेवढं नव्हतं, म्हणून कराडच्या एका मैत्रिणीचं काम जोडून घेतलं.

नेताना फॉर्मवर जनावराचं नाव मोठ्या अक्षरात लिहाच, शिवाय काकूंना तोंडी सांगा आणि अँटिबॉडी कशात तयार केली आहे ते कुपीवर बघून घ्या. त्यांना याचा राग येत नाही. आता त्यांच्या फ्रिजच्या दारावर काकूंच्या अक्षरात कागद चिकटवला आहे: 'आधी जनावर विचारा.' मी पाचपैकी चार देईन, आणि तो पाचवा तारा फक्त कुरिअर आणि बिलामुळे अडलाय.

पुढच्या महिन्यात पीयूषिकेचे ब्लॉक घेऊन जाणार आहे. कवटी न फोडता ती निघत नाही, आणि दुकानातल्या दादांना मुंडी अख्खी विकायची असते, त्यामुळे आत्तापर्यंत दोनच मिळाल्या आहेत, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. परवा फोन केला तर काकू म्हणाल्या, "एवढुशी हाय तर आधी कोऱ्या पट्ट्या कापून ठेवते, मॅडम. मग उरेल त्यात तुमचं बघू."